माझा रोटर बटणांच्या डब्यात

मी एक जुनी मोटारगाडी बोलतेय. गाडीनं चालावं, बोलू नये, अशी तुमची अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. पण आमच्या घरातली दोन माणसं नेमकं बोलायच्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसली, आणि त्यापायी मी भंगारात निघाले होते. तेव्हा म्हटलं, निदान आता तरी कुणीतरी सगळं नीट सांगावं.

माझा जन्म कारखान्यातला. पुढे एक, मागे एक, सगळ्या एकाच साच्यातल्या, त्यामुळे जन्माच्या वेळी कुणी माझं वेगळं कौतुक केल्याचं आठवत नाही. रंग मात्र मनासारखा मिळाला, फिकट पिवळा, दुधावरच्या सायीसारखा. आजकालच्या गाड्यांच्या पोटात कॉम्प्युटर असतो म्हणे. माझ्या पोटात तसलं काही नाही. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवणारा कार्बोरेटर आहे, गार सकाळी ओढायचा चोक आहे, आणि प्लगांना ठिणग्या वाटणारा डिस्ट्रिब्युटर आहे. मला काय दुखतंय ते कळायला माणसाचे डोळे, नाक आणि कान पुरतात. त्यातले डोळे पुढे कमी पडले, पण ते नंतर येईल.

माझा पहिला मालक ठेकेदार होता. मी रुसले की तो माझ्या टायरला लाथ मारायचा. इंजिन चालू न होण्यात टायरचा काय गुन्हा, हे मला आजतागायत उमगलेलं नाही, पण निम्मी माणसं हेच करतात. उरलेली निम्मी बॉनेट उघडतात, कमरेवर हात ठेवून बराच वेळ आत बघतात आणि शेवटी "हं" म्हणतात. त्या "हं"चा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. ठेकेदार एक दिवस कंटाळला आणि मी मास्तरांच्या घरी आले.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. लाथ सोडाच, त्यांनी माझं दारही कधी आपटलं नाही. मी अडले की ते बाह्या वर करायचे आणि समोर वर्ग बसलाय अशा थाटात बोलायला लागायचे. "सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही. म्हणजे बॅटरी ठीक आहे. आता आधी पेट्रोल बघायचं, मग ठिणगी, मग हवा. क्रम चुकला की दिवस गेला." वर्ग म्हणजे एकट्या बाई, मास्तरांची बायको. त्या घरच्या घरी शिवणकाम करायच्या. त्यांचं मशीन खिडकीत होतं आणि खिडकीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी, त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींच्या घरातलं सगळं दिसायचं. मशीनवर मान खाली घालून बाई "हो का", "अस्सं" म्हणत राहायच्या. मास्तरांना वाटायचं, हिचं लक्ष नाही. पण बाईंनी माझा पुर्जा न् पुर्जा पाठ केला होता.

ऐन उमेदीत मास्तरांनी बाईंना माझ्यावर गाडी शिकवायला घेतली. शाळेत इतके शांत असणारे मास्तर शेजारच्या सीटवर बसले की त्यांच्या अंगात यायचं. "क्लच. क्लच दाब. अगं, क्लच." बाई तशा चांगल्या चालवत होत्या, पण एका वळणावर त्यांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं, किल्ली काढली, मास्तरांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "म्हातारे होईपर्यंत तुम्हीच चालवा." त्यानंतर बाई माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर गाडी चालवायला म्हणून बसल्या नाहीत. लायसन्स तोवर हाती आलं होतं, ते मात्र न चुकता नवं करून आणायच्या. कशाला गं, असं लेकीनं विचारलं तर म्हणायच्या, "त्यातला फोटो बरा येतो."

दुसरी एक गोष्ट याच काळातली. तेव्हा आमच्या बाजूला गाड्या चोरीला जायच्या, म्हणून मास्तरांनी एक युक्ती काढली होती. डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणाखाली रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा असतो. चौघांना पत्ते वाटावेत तशी तो ठिणगी चारही प्लगांना पाळीपाळीनं वाटतो. तो काढून घेतला की चोरानं दिवसभर सेल्फ मारला तरी इंजिन नुसतं खुर्र खुर्र फिरतं, पेटत नाही. दोघं नाटकाला निघाले की मास्तर रोटर काढून बाईंकडे द्यायचे, बाई तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायच्या, आणि परत आल्यावर तो काढून द्यायच्या. माझ्या मते त्या दोघांच्या संसारात याहून लाडिक काही घडलं नाही, पण मी पडले गाडी.

पुढे लेकीचं लग्न झालं, मास्तर निवृत्त झाले, आणि त्यांची नजर अधू व्हायला लागली. डॉक्टरांनी चष्मा बदलून पाहिला, थेंब घालून पाहिले, आणि मग सांगितलं की यापुढे एवढंच दिसणार, थोडं कमीच होत जाणार. मास्तरांनी ते ऐकलं आणि घरी येताना मलाच चालवत आणलं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीबाहेर लाल टॉवेल वाळत होता. मास्तर सिग्नल समजून त्याच्यासमोर थांबले. हिरवा होईना तेव्हा त्यांनी हॉर्नही वाजवला. आतून लाँड्रीवाला धावत आला आणि "कपडे द्यायचेत का?" म्हणून विचारू लागला. बाईंनी अंगावरची शाल काढून त्याच्या हातात दिली, धुवायला. मास्तरांना टॉवेलाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

हसायला येतं, पण त्यानंतर जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एका दुपारी एक आई दोन लहान मुलांचे हात धरून रस्ता ओलांडत होती. मास्तरांना ते तिघं दिसलेच नाहीत. शेजारून बाईंनी "अहो!" एवढंच म्हटलं. मास्तरांनी ब्रेक दाबला आणि मी जिवाच्या आकांतानं थांबले. कुणाला धक्काही लागला नाही, पण थोरल्या मुलाचा तळवा माझ्या बॉनेटवर टेकला होता, तो मला अजून जाणवतो. आम्ही घरी आलो. मास्तर तोंड धुऊन आडवे झाले. बाई शेडमध्ये आल्या, बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा सोडवल्या, रोटर काढला आणि झाकण पुन्हा जसंच्या तसं बसवलं. मग खिडकीत जाऊन त्यांनी तो बटणांच्या डब्यात टाकला आणि वर मूठभर काळी बटणं पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी सेल्फ मारला. खुर्र, खुर्र, खुर्र. मी मनापासून फिरले, पण पेटणार कशानं?

मास्तरांनी बाह्या वर केल्या. आधी पेट्रोल. थोडा वेळ सेल्फ मारून त्यांनी एक प्लग काढला, बोटानं चाचपला, हुंगला. ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग ठिणगी. प्लगला वायर जोडून त्यांनी तो इंजिनाला टेकवून ठेवला आणि बाईंना सेल्फ मारायला सांगितलं. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडायला हवी होती. मास्तर वाकले, चष्मा वर केला, खाली केला. ठिणगी दिसेना. आता ती नव्हतीच की आपल्याला दिसत नव्हती, हे त्यांना कसं कळावं? मग म्हणाले, "उजेड फार आहे. तू इथं येऊन बघ. मी सेल्फ मारतो."

जागा बदलल्या. मी खुर्र खुर्र केलं.

"दिसते का गं?" मास्तरांनी आतून विचारलं.

बाईंनी त्या निपचित प्लगकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसते की. चांगली निळीशार."

झालं. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, म्हणजे दोष कार्बोरेटरचा. पेट्रोल जास्त होऊन इंजिनाची घुसमट होत असणार, असं अनुमान निघालं. मास्तरांनी कार्बोरेटर खोलला, जेटची बारीक भोकं फुंकली, आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, कानाशी हलवून पाहिला, सगळं पेट्रोलनं धुऊन पुसून बसवलं. इतकी स्वच्छ मी कारखान्यातून निघतानाही नव्हते. आणि तरी खुर्र.

बातमी गल्लीत पसरली आणि वैद्य गोळा झाले. अडलेल्या गाडीभोवती लोकांना जितकं ज्ञान होतं तितकं ते शाळेत झालं असतं, तर मास्तरांचं आयुष्य सोपं गेलं असतं. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी चारही प्लग ओळीनं लावून बघितले आणि "हा तिसरा काढावा लागेल" म्हणाले. जावईबापू आले, त्यांनी माझ्या अंगभर मोबाइल फिरवला आणि तो कुठं जोडायचा हे विचारलं. मास्तर म्हणाले, "हिला जोडायची सोय नाही. हिला विचारावं लागतं." जावईबापूंनी कमरेवर हात ठेवून आत बघितलं आणि "हं" म्हणाले. एकदा डॉक्टरांचा हात काळ्या झाकणाकडे गेला तशा बाई खिडकीतून म्हणाल्या, "तिथं नका हो हात लावू, ठिणगीचं टायमिंग बिघडतं." डॉक्टरांनी विजेचा झटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

पण मास्तर पडले विज्ञानाचे. एका सकाळी बाई बाजारात गेल्या असताना ते माझ्या मडगार्डला टेकून स्वतःशीच पुटपुटू लागले. "पेट्रोल आहे. हवा आहे. ठिणगी आहे. तर मग इंजिन पेट घेतलंच पाहिजे. विज्ञान खोटं बोलत नाही." चष्मा काढत ते म्हणाले, "मग बोलतंय कोण?"

त्यांनी डोळे मिटले. मिटूनच त्यांना जास्त चांगलं दिसायचं हल्ली. चाचपत त्यांची बोटं डिस्ट्रिब्युटरपाशी आली, क्लिपा सुटल्या, झाकण उचललं गेलं आणि बोट आत गेलं. रोटर बसायची जागा रिकामी होती. बराच वेळ ते बोट तिथंच ठेवून उभे होते. रागावतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा, नाटकाहून परतल्यावर बाई पर्स उघडायच्या तेव्हा जसा व्हायचा, तसा झाला. मग त्यांनी झाकण बसवलं, फडक्यानं पुसलं आणि घरात गेले.

आता कुणालाही वाटेल, बाई आल्यावर विषय निघाला असेल. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पुन्हा बाह्या वर करून हजर. "अगं, ठिणगी बघूया जरा." खुर्र खुर्र. "दिसते का?" "दिसते की." ते पुन्हा कार्बोरेटर खोलायला बसले. त्यांना ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, आणि रोज सकाळी माझ्या बॅटरीचा जीव जात होता. मास्तरांची अडचण मला समजत होती. रोटर मागितला तर तो का काढला हे विचारावं लागेल, आणि उत्तर तर त्यांना माहीतच होतं. गाडीच बिघडलेली आहे, तोवर माणसाला आपण चालवू शकत नाही असं म्हणावं लागत नाही. बाईंची काळजी निराळी होती. शिवता शिवता त्या शेडकडे बघायच्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडायची. ज्या माणसानं आपल्याला रोटर शिकवला त्याला अजून ते झाकण उघडायचं सुचू नये? डोळे गेले ते गेले, आता डोकंही चाललं की काय? रोटरचं नाव न काढता त्या एकदा लेकीला फोनवर हे म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. दोघांचा एकमेकांवर इतका जीव होता की मधल्यामधे माझा जाणार होता.

लेक आली. आईबाप रोज उन्हात उभे राहून हेच करतात, हे तिला बघवेना. "बाबा, देऊन टाकूया गाडी. जागा तरी मोकळी होईल." मास्तर म्हणाले, "तुझ्या आईला विचार." तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "मी काय सांगणार? बाबांना विचार." लेकीनं दोन्हीचा अर्थ होकार असा घेतला आणि रविवारी भंगारवाल्याला बोलावलं.

त्या आठवड्यात दोघं एकमेकांकडे बघायचे, तोंड उघडायचे, आणि "भाजी कुठली करायची?" असलं काहीतरी विचारायचे. मी भीत होते, हे कबूल करते. एवढी वर्षं वापरली गेले, झिजले, त्याचं काही नाही. पण धडधाकट असताना, केवळ दोन भिडस्त माणसांच्या पायी चेपलं जायचं, हे माझ्या पत्र्याला पटत नव्हतं.

रविवारी सकाळी भंगारवाला आला. माणूस बरा होता. माझ्याभोवती फिरून म्हणाला, "ठेवलीय चांगली. वाईट वाटतं." आणि खाली वाकून त्यानं माझ्या पुढच्या हुकात साखळी अडकवली. लेक, जावई, डॉक्टर सगळे उभे होते. बाई खिडकीत मशीन चालवत होत्या. मशीनला दोरा ओवलेला नव्हता आणि सुईखाली कापडही नव्हतं.

"जरा थांबा," मास्तर भंगारवाल्याला म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून, "अगं, शेवटचं एकदा ठिणगी बघूया."

"बाबा, आता कशाला?" लेक म्हणाली. पण मास्तर आत बसलेही होते. बाई बाहेर आल्या आणि प्लग इंजिनाला टेकवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मास्तरांनी सेल्फ मारला. मी साखळीसकट खुर्र खुर्र केलं.

"दिसते का गं?"

बाईंनी प्लगकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "दिसत नाही. एकदाही दिसली नव्हती."

मास्तर बाहेर आले. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तू बाजारात गेली होतीस ना, तेव्हा झाकण उघडलं मी."

"म्हणजे डोकं ठिकाणावर आहे तुमचं." बाई मटकन माझ्या बंपरवर बसल्या. "मग मागितला का नाहीत?"

"मागितला असता तर तू दिला असतास. दिला असतास तर मला चालवावी लागली असती." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मला नाही दिसत गं. ती मुलं मला दिसलीच नव्हती. रोज डोळ्यांपुढे येतात. मला भीती वाटते आता."

"मलाही वाटते," बाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडून किल्ली मागून घ्यायची, हे काही माझ्यानं होईना."

भंगारवाल्यानं डॉक्टरांना हळूच विचारलं, "नेमका बिघाड काय आहे?" डॉक्टरांनी तिसऱ्या प्लगकडे बोट दाखवलं.

मग मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "म्हातारे होईपर्यंत तुम्हीच चालवा, म्हणाली होतीस ना? झालो बघ."

बाई उठल्या, आत गेल्या, आणि बटणांचा डबाच घेऊन आल्या. काळ्या बटणांतून रोटर शोधून त्यांनी पदरानं पुसला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी डोळे मिटून तो जागेवर बसवला, झाकण लावलं, प्लग जिथल्या तिथं घट्ट केला. बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, सीट पुढे ओढली, चोक ओढला. मी पहिल्याच फटक्यात चालू होऊ शकले असते. पण इतके दिवस मला तिष्ठत ठेवल्याची थोडी तरी शिक्षा नको? एकदा खोकले, दोनदा खोकले, आणि मग अशी गरजले की जावईबापूंचा दचकून डॉक्टरांच्या पायावर पाय पडला. भंगारवाल्यानं न सांगता साखळी सोडली.

आता मी त्याच शेडमध्ये आहे. बाई मला बाजारात नेतात, मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतात. गियर बदलताना अजून थोडा कर्रर्र आवाज येतो. मास्तर "क्ल" म्हणतात आणि खिडकीबाहेर बघू लागतात. चोर आता राहिले नाहीत, माझ्यासारखीला नेणार तरी कोण, पण कुठं थांबलं की मास्तर चाचपत रोटर काढतात आणि बाई तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकतात.

तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी असेल आणि एखाद्या सकाळी ती नुसतीच खुर्र खुर्र करत राहिली, तर तिला लाथ मारू नका. पेट्रोल बघा, ठिणगी बघा, हवा बघा. सगळं ठीक असूनही ती पेटत नसेल तर बॉनेट लावून घरात जा आणि घरातल्या माणसांना विचारा. तिला भंगारात घालण्याआधी एवढं कराच, माझी हात जोडून विनंती आहे. हात नाहीत मला, पण भावना समजून घ्या.

त्या रविवारी सगळे पांगल्यावर बाई मला पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत घेऊन गेल्या, पहिल्या गियरमध्ये, गोगलगाईच्या वेगानं. मास्तर शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. लाँड्रीपाशी येताच ते पुढे वाकले.

"ते लाल काय आहे गं?"

"टॉवेल आहे."

"बरं," मास्तर म्हणाले आणि सीटला टेकून बसले. "मग चल."